रटलंड: एकेचाळीस हजार लोकांच्या काउंटीचा कारभार

लेस्टर आणि पीटरबरो या दोन इंग्लिश शहरांच्या मधल्या पट्ट्यात रटलंड नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३८२ चौरस किलोमीटर, २०२१च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे ४१ हजार. ओकम आणि अपिंगम ही दोन बाजारगावं, बाकी पन्नासेक खेडी, पिवळसर चुनखडकात बांधलेली घरं, गव्हाची शेतं, मेंढ्यांची कुरणं आणि मधोमध एक प्रचंड तलाव. ओकममधल्या कॅटमोज हाउस या जुन्या हवेलीत काउंटीचा कारभार पाहणारी परिषद बसते. तिचं कायद्यातलं पूर्ण नाव ‘रटलंड काउंटी कौन्सिल डिस्ट्रिक्ट कौन्सिल’ असं आहे. एकाच संस्थेच्या नावात काउंटीही आहे आणि डिस्ट्रिक्टही. हे असं का झालं ते सांगायचं तर इंग्लंडच्या ग्रामीण कारभाराचा हजारेक वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. त्यासाठी रटलंडसारखी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. इथे सगळं लहान आकारात घडलंय, त्यामुळे ते नजरेच्या टप्प्यात राहतं.

पुढचं वाचताना काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, डिस्ट्रिक्ट म्हणजे तालुका आणि पॅरिश म्हणजे गाव, असं धरून चाललात तरी चालेल. दोन फरक मात्र लक्षात ठेवायला हवेत. कलेक्टर, प्रांत, तहसीलदार ही उतरंड तिथे नाही. रस्ते, शाळा, कचरा, बांधकामाची परवानगी ही कामं निवडून आलेली परिषद आणि तिने नेमलेला नोकरवर्ग पाहतो. त्यांच्या डोक्यावर सरकारचा अधिकारी जिल्ह्यात बसलेला नसतो. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना राज्यघटनेत जागा मिळाली. ब्रिटनमध्ये तशी एका ग्रंथात लिहिलेली राज्यघटनाच नाही. परिषद संसदेच्या कायद्याने जन्माला येते आणि संसदेच्या साध्या कायद्याने संपते. रटलंडच्या वाट्याला हे दोन्ही आलं.

राण्यांची जमीन

रटलंड वेगळं का राहिलं याचं मूळ राजघराण्यात आहे. अँग्लो-सॅक्सन काळात हा मुलूख राण्यांच्या खर्चापाण्यासाठी राखून ठेवलेला असे. राजा एडवर्ड कन्फेसर याची राणी ईडिथ हिच्याकडे ओकम, हॅम्बल्टन आणि रिडलिंग्टन इथली मोठी वतनं होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, १०८६मध्ये, त्यांच्या विल्यम राजाने देशभरच्या जमिनींची मोजदाद करून ‘डूम्सडे’ नावाचं दप्तर तयार करून घेतलं. त्यात ‘रोटलंड’ हे नाव येतं, पण काउंटी म्हणून नाही. त्याच्या काही भागाचा सारा नॉटिंगमशरच्या हिशेबात जमा व्हायचा, तर दक्षिणेकडची गावं नॉर्दम्प्टनशरमध्ये नोंदलेली आहेत. बाराव्या शतकात मात्र रटलंडचा स्वतःचा शेरिफ दिसू लागतो. शेरिफ हा राजाचा काउंटीतला माणूस: सारा गोळा करणारा, कैदी ताब्यात ठेवणारा, राजाचा हुकूम लोकांपर्यंत पोचवणारा. काउंटीच्या पोटात ‘हंड्रेड’ नावाचे भाग असत, आपल्या परगण्यांसारखे. रटलंडमध्ये असे पाचच भाग होते.

त्या काळातली एक वास्तू आजही वापरात आहे. ओकम किल्ल्याचा तट कधीच गेला, पण बाराव्या शतकाच्या शेवटी वॉकलिन द फेरर्स याने बांधलेला दरबार-दिवाणखाना अजून छपरासकट उभा आहे. आत गेलं की चारही भिंतींवर घोड्याचे नाल दिसतात, दोनशेहून जास्त, आणि त्यांतले बरेचसे चांगले हातभर उंचीचे, रंगवलेले, वर मुकुट लावलेले. राजघराण्यातल्या व्यक्तीने किंवा उमरावाने पहिल्यांदा ओकममध्ये पाऊल टाकलं की एक नाल द्यायचा, असा रिवाज आहे. आज भिंतीवर असलेल्यांपैकी सर्वांत जुना नाल चौथ्या एडवर्डने १४७०च्या सुमारास दिला, असं मानतात. नाल टांगतात ते टोकं खाली करून, म्हणजे त्याच्या खोबणीत सैतान बसायला नको. फेरर्स हे आडनाव नालबंदांच्या धंद्याशी जोडलेलं, त्यावरून हा रिवाज पडला असावा. याच दिवाणखान्यात शतकानुशतकं न्यायालय भरत आलं. गुन्ह्यांचे खटले, जमिनीचे तंटे आणि पुढे पुलांची दुरुस्ती, हे सगळं या नालांखाली ठरायचं.

पुलांची दुरुस्ती न्यायालयात कशी, असं वाटेल. सोळाव्या शतकापासून १८८९पर्यंत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून नेमलेल्या जमीनदारांच्या हातात होता. दर तीन महिन्यांनी ते एकत्र बसत. सकाळी चोराला शिक्षा करायची आणि दुपारी पूल, तुरुंग आणि वेड्यांच्या इस्पितळाचा खर्च मंजूर करायचा, अशा धर्तीवर त्यांचं काम चाले. पगार नाही, निवडणूकही नाही. गावात चर्चची सभा असे, तिला ‘व्हेस्ट्री’ म्हणत. १६०१च्या कायद्याने गावातल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी गावावरच टाकली होती. त्यासाठी घरा-जमिनीच्या मोलावर जो कर बसे तो ‘रेट’. १८३४मध्ये गावागावांचे गट करून ‘युनियन’ केल्या, प्रत्येक युनियनला एक गरीबगृह आणि ते चालवणारं ‘गार्डियन’ मंडळ. रटलंडमध्ये ओकम आणि अपिंगम अशा दोन युनियन झाल्या. गार्डियन निवडून यायचे, पण मत देणारे रेट भरणारेच, आणि ज्याची मालमत्ता मोठी त्याला जास्त मतं.

अपिंगमचा ताप

या व्यवस्थेत काय बिघडत होतं ते अपिंगममध्ये १८७५ साली उघडं पडलं. रटलंडच्या इतिहासातला हा प्रसंग मला सगळ्यांत जास्त बोलका वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अपिंगममध्ये १५८४ साली स्थापन झालेली एक शाळा आहे. एडवर्ड थ्रिंग १८५३मध्ये तिचे मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी ती गावठी शाळा देशभर नावाजलेली निवासी शाळा करून दाखवली. सुमारे तीनशे मुलं, त्यांची वसतिगृहं, शिक्षकांची कुटुंबं, त्यांना दूध-पाव-मांस पुरवणारे दुकानदार. सगळं गाव शाळेवर जगत होतं. पण गाव प्यायचं ते विहिरींचं पाणी, आणि विहिरींच्या शेजारीच संडासाचे खड्डे. गटारं होती ती अर्धवट. १८७५मध्ये शाळेत टायफॉइड पसरला. मुलं दगावली. नोव्हेंबरमध्ये मुलांना घरी पाठवावं लागलं.

मग वाद पेटला. त्याच सुमाराच्या आरोग्य कायद्यांनी ग्रामीण भागातल्या सांडपाण्याची आणि पाण्याची जबाबदारी गार्डियन मंडळावर टाकली होती. म्हणजे गरिबांच्या खिचडीचा हिशेब ठेवायला निवडलेल्या माणसांकडेच आता विहिरी आणि गटारं आली. खर्च वाढला की रेट वाढणार, आणि रेट भरणाऱ्यांनीच या मंडळाला निवडून दिलेलं. मंडळाचं म्हणणं, दोष शाळेच्या वसतिगृहांतल्या व्यवस्थेचा. शाळेचं म्हणणं, आम्ही आमच्या इमारती दुरुस्त करू, पण गावाचं पाणी आणि गटारं आमच्या हातात नाहीत. दोन्ही बाजूंनी पत्रं गेली, लंडनच्या सरकारी खात्याकडून तपासणी झाली, महिने गेले. १८७६च्या सुरुवातीला शाळा पुन्हा उघडली, आणि ताप परत आला.

थ्रिंग यांनी तेव्हा जे केलं ते आजही अचाट वाटतं. त्यांनी आख्खी शाळा उचलली आणि वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉर्थ नावाच्या खेड्यात नेली. एक मोठं हॉटेल आणि आजूबाजूची घरं भाड्याने घेतली. पलंग, बाकं, पुस्तकं, स्वयंपाकाची भांडी रेल्वेने गेली, मागोमाग मुलं गेली. एप्रिल १८७६ ते १८७७चा वसंत, वर्षभराहून जास्त काळ शाळा समुद्रकाठी भरली. इकडे अपिंगमची दुकानं ओस पडली. रेट वाचवण्यासाठी अडून बसलेल्या गावाला आता गिऱ्हाईकच उरलं नाही. गटारांची आणि पाण्याची कामं तेव्हा कुठे मार्गी लागली. शाळा परतली तेव्हा गावाने तिचं वाजतगाजत स्वागत केलं.

गार्डियन मंडळातली माणसं दुष्ट नव्हती. गरिबांचा खर्च हाताबाहेर जाऊ नये यासाठी नेमलेली यंत्रणा सार्वजनिक आरोग्यासाठी वापरली जात होती, खरी अडचण ती होती. तिथे ना तज्ज्ञ अभियंता, ना दूरचा विचार करण्याइतका पैसा, ना सगळ्या रहिवाशांना मत. अपिंगमसारखी उदाहरणं देशभर साचत गेली आणि ग्रामीण भागालाही नीट निवडलेलं स्थानिक सरकार हवं, ही मागणी टाळता येईना.

१८८९ आणि १८९४

१८८८चा कायदा झाला आणि १ एप्रिल १८८९ला प्रत्येक काउंटीत निवडलेली काउंटी कौन्सिल आली. शेतजमीन, कोल्ह्यांची शिकार आणि चर्च यांभोवती फिरणाऱ्या चिमुकल्या रटलंडलाही स्वतःची कौन्सिल मिळाली. जमीनदारांच्या हातातले पूल, रस्ते आणि हिशेब तिच्याकडे गेले.

इथे आपल्या इतिहासाशी एक खरा धागा जुळतो. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याबद्दलच्या १८८२च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. जिल्हा आणि तालुका बोर्डांत काही सभासद निवडून येऊ लागले. अध्यक्ष कलेक्टरच होता आणि मताधिकार अगदी मोजक्यांना होता, त्यामुळे त्या बोर्डांचं कौतुक बेताने करायला हवं. तरी सालं शेजारी मांडून पाहा. सातारा किंवा रत्नागिरीच्या बोर्डात निवडलेले सभासद बसण्याचा कायदा झाला तेव्हा रटलंडच्या काउंटीचा खर्च अजून नेमलेले जमीनदार ठरवत होते. इंग्लंडने आधी घरी स्थानिक स्वराज्य पूर्ण केलं आणि मग बाहेर पाठवलं, हा आपल्या मनातला क्रम या बाबतीत टिकत नाही.

१८९४च्या कायद्याने खालच्या दोन पायऱ्या बांधल्या. मधल्या पायरीवर ‘रूरल डिस्ट्रिक्ट’. रटलंडमध्ये ओकम, अपिंगम आणि केटन असे तीन झाले. सगळ्यांत खाली पॅरिश कौन्सिल, म्हणजे ग्रामपरिषद. चर्चच्या सभेकडून गावाचा दिवाणी कारभार काढून तो गावकऱ्यांनी निवडलेल्या परिषदेकडे दिला. विवाहित स्त्रियांनाही या परिषदांसाठी मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क या कायद्याने मिळाला. संसदेसाठी स्त्रियांना मत मिळायला त्यानंतर चोवीस वर्षं लागली.

ही गावपातळी आजही जिवंत आहे. ओकम आणि अपिंगमच्या परिषदांना टाउन कौन्सिल म्हणतात, पण कायद्याने त्या पॅरिश कौन्सिलच. दफनभूमी, बाकडी, खेळाचं मैदान, काही ठिकाणी गावचा सभागृह. सभासदांना पगार नसतो. खर्चासाठी गावाच्या घरपट्टीत एक छोटी रक्कम वाढवून घेतात, तिला ‘प्रिसेप्ट’ म्हणतात. मतदार दीडशेपेक्षाही कमी असतील तर सहसा परिषद नसतेच. तिथे ‘पॅरिश मीटिंग’ भरते. मतदारयादीत नाव असलेल्या कोणीही यावं, बोलावं आणि हात वर करून मत द्यावं. निवडून कोणाला द्यायचं तर फक्त अध्यक्ष. ग्रामसभा कशी असावी याचं आपल्याकडे पुस्तकात लिहिलेलं चित्र रटलंडच्या शंभरेक वस्तीच्या खेड्यांत प्रत्यक्ष चालतं. जमणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असली तरी अधिकार पूर्ण असतो.

पुसलेली काउंटी

दुसऱ्या महायुद्धानंतर परिषदांची कामं फार वाढली. माध्यमिक शिक्षण, समाजकल्याण, नगररचना ही सगळी खर्चीक आणि तज्ज्ञांची कामं. पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीच्या काउंटीला शिक्षणाधिकारी, अभियंता, कल्याण अधिकारी सगळे वेगळे कसे परवडणार? १९५८मध्ये नेमलेल्या आयोगाने रटलंड लेस्टरशरमध्ये विलीन करावं असं सुचवलं. रटलंडकर खवळले. सभा, फलक, निवेदनं, वर्तमानपत्रांतून बातम्या. छोट्या काउंटीचा मोठ्या शेजाऱ्याशी झगडा म्हणून देशभर सहानुभूती मिळाली. १९६३मध्ये सरकारने माघार घेतली.

ती मुदतवाढच ठरली. १९७२च्या कायद्याने सगळ्या इंग्लंडचा नकाशा नव्याने आखला आणि १ एप्रिल १९७४ला रटलंड काउंटी कौन्सिल संपली. रटलंड हा लेस्टरशरमधला एक डिस्ट्रिक्ट झाला. एवढं तरी झालं की जुन्या काउंटीचे तुकडे न करता ती अखंड डिस्ट्रिक्ट म्हणून ठेवली. पुढे जे घडलं त्याचं बीज त्यात होतं.

दोन पायऱ्यांची ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे, कारण इंग्लंडच्या बऱ्याच ग्रामीण भागात ती अजून चालू आहे. शाळा, मोठे-छोटे रस्ते, वृद्धांची आणि मुलांची काळजी, ग्रंथालयं, कचऱ्याची विल्हेवाट ही कामं काउंटीकडे. घरचा कचरा उचलणं, बांधकामाची परवानगी, घरकुलं, बाजारपेठा, अन्नतपासणी आणि कर गोळा करणं डिस्ट्रिक्टकडे. म्हणजे कचऱ्याची पेटी दारातून डिस्ट्रिक्टची गाडी उचलते, पण तो कचरा पुढे कुठे जिरवायचा ते काउंटी ठरवते. पथारीवाल्याला ओकमच्या बाजारात जागा ओकममध्ये मिळे. समोरच्या रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार मात्र लेस्टरच्या वेशीवर, ग्लेनफील्डच्या काउंटी हॉलमध्ये पोचायला हवी. तिथल्या सभागृहात रटलंडचे सभासद मोजकेच. निर्णय चुकीचे होत असं नाही, पण ते दुसरीकडे होत.

त्याच वर्षांत रटलंडचं रूपही बदलत होतं. पीटरबरो, नॉर्दम्प्टन, मिल्टन कीन्स ही वाढती शहरं तहानलेली होती. १९७०च्या कायद्याने ग्वाश नदीचं खोरं अडवून एम्पिंगमला धरण बांधायला मंजुरी मिळाली. रटलंडच्या सुमारे तीन टक्के जमिनीवर पाणी आलं. नेदर हॅम्बल्टन हे गाव आणि मिडल हॅम्बल्टनचा बराचसा भाग गेला. अप्पर हॅम्बल्टन टेकाडावर असल्याने वाचलं, आता ते तिन्ही बाजूंनी पाण्यात आहे. नॉर्मंटनचं चर्च पाण्याच्या पातळीत येत होतं. लोकांच्या प्रयत्नांनी ते पाडण्यापासून वाचलं: आतला खालचा भाग दगड-काँक्रीटने भरून जमीन खिडक्यांपर्यंत उचलली आणि भोवती बांध घातला. आज त्याचा वरचा अर्धाच भाग तलावाच्या काठावर दिसतो, दार-खिडक्यांच्या कमानी थेट पाण्याजवळ टेकलेल्या. बांधकामाच्या काळात सगळे त्याला एम्पिंगम जलाशय म्हणायचे. १९७६मध्ये उद्घाटन झालं ते ‘रटलंड वॉटर’ या नावाने. काउंटी नकाशावरून जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिचं नाव देशातल्या सर्वांत मोठ्या कृत्रिम तलावांपैकी एकाला मिळालं. १९९६पासून तिथे मासेमार गरुड म्हणजे ऑस्प्रे परत आणायचं काम सुरू झालं आणि २००१मध्ये त्यांची पिल्लं जन्मली. रटलंडबाहेरच्या अनेकांना हे नाव माहीत आहे ते या पक्ष्यांमुळे.

परत आलेली काउंटी

१९९०च्या दशकात सरकारचं मत फिरलं. दोन पायऱ्यांमुळे लोकांचा गोंधळ होतो, एकाच परिषदेने सगळी कामं करावीत, असा विचार पुढे आला. अशा परिषदेला ‘युनिटरी’ म्हणतात. नव्या आयोगाने जागोजागी लोकांना विचारलं. रटलंडचं उत्तर ठरलेलं होतं. १ एप्रिल १९९७ला रटलंड लेस्टरशरपासून वेगळं झालं, आणि लेस्टर शहरही त्याच दिवशी.

सुरुवातीला सांगितलेल्या लांबलचक नावाचा उलगडा इथे होतो. १९७४चा डिस्ट्रिक्ट कौन्सिल बरखास्त करून नवी संस्था काढण्याऐवजी कायद्याने सोपा रस्ता घेतला. रटलंड ही पुन्हा काउंटी झाली, पण तिला काउंटी कौन्सिल नसेल, असं ठरवलं. काउंटी कौन्सिलचे सगळे अधिकार अस्तित्वात असलेल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलला दिले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती संस्था आजही डिस्ट्रिक्ट कौन्सिलच. लोकांना तर जुनी काउंटी कौन्सिल हवी होती. म्हणून ‘डिस्ट्रिक्ट कौन्सिल’ या दर्जाच्या आधी ‘रटलंड काउंटी कौन्सिल’ हे नाव लावलं. रोजच्या व्यवहारात, पत्रांवर आणि कचऱ्याच्या गाड्यांवर फक्त ‘रटलंड काउंटी कौन्सिल’ असतं.

तेव्हापासून राजाचा प्रतिनिधी म्हणून रटलंडला स्वतःचा लॉर्ड लेफ्टनंट आहे, जुन्या शेरिफपदाचा वारसा सांगणारा हाय शेरिफ आहे. दोन्ही मानाची पदं. पोलीस आणि अग्निशमन दल मात्र लेस्टरशरबरोबर एकत्रच आहेत, सार्वजनिक आरोग्याचे संचालकही सामायिक. खासदारकीच्या नकाशावरही रटलंड कधी एकटं पडत नाही: १९१८ ते १९८३ शेजारच्या स्टॅमफर्ड गावाबरोबर, नंतर दुसऱ्या शेजारी गावाबरोबर, मेल्टनबरोबर, आणि २०२४पासून पुन्हा स्टॅमफर्डबरोबर.

परिषदेत २७ सभासद, निवडणूक दर चार वर्षांनी. सभासद आपल्यातून एक नेता निवडतात, तो काही सहकाऱ्यांचं छोटं मंत्रिमंडळ करतो, बाकीचे सभासद त्यांच्या निर्णयांची छाननी करतात. २०२३च्या निवडणुकीत कोणत्याही पक्षाला बहुमत मिळालं नाही. इतक्या लहान ठिकाणी सभासदाचं घर सगळ्यांना माहीत असतं, आणि दुकानात पाव घेतानाही त्याला बसच्या वेळापत्रकाबद्दल विचारलं जातं. लहान असण्याचा हा खरा फायदा आहे, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

पैशाचं गणित

ताळेबंदात दिसतो तो तोटा. परिषदेचं मुख्य उत्पन्न ‘कौन्सिल टॅक्स’. १९९३मध्ये हा कर आला. प्रत्येक घर १ एप्रिल १९९१ला किती किमतीचं होतं त्यावरून आठ पट्ट्यांपैकी एकात बसवलं आहे, आणि इंग्लंडमध्ये ते मूल्यांकन तेव्हापासून नव्याने झालेलंच नाही. रटलंडचा कर देशातल्या सर्वांत जास्त करांमध्ये मोडतो. अलीकडे मधल्या, म्हणजे ‘डी’ पट्ट्यातल्या घराला वर्षाला अडीच हजार पौंडांच्या आसपास. मोठे कारखाने आणि मॉल नाहीत म्हणून व्यापारी कर कमी. खाऊनपिऊन सुखी काउंटी अशी ओळख असल्याने केंद्राचं अनुदानही कमी. आणि सुमारे पाव लोकसंख्या ६५ वर्षांवरची. घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालणारी, जेवण देणारी कामगार एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जाते तेव्हा रस्त्यातला वेळही पगारी असतो. शहरात तेवढ्या वेळात आणखी दोन घरं झाली असती. वृद्धांची देखभाल हा अशा परिषदांचा सगळ्यांत मोठा खर्च आहे आणि तो टाळण्याचा अधिकार त्यांना नाही. कायद्याने तो करावाच लागतो. ग्रामीण खर्चाचं हे वास्तव लंडनच्या सूत्रांत नीट उतरत नाही, ही रटलंडची जुनी तक्रार मला पटते.

लहान परिषदेवर मोठा निर्णय कसा कोसळतो याचं उदाहरण रटलंडमधल्या नॉर्थ लफनम गावाचं. तिथली लष्करी छावणी रिकामी करून दोन हजारांहून जास्त घरांचं नवं गाव वसवायचं, असं सुचवण्यात आलं. रस्ते आणि नळांसाठी केंद्राचे सुमारे २ कोटी ९० लाख पौंड मंजूर झाले. काहींना ते हवं होतं: घरं एकाच ठिकाणी होतील, बाकी खेडी वाचतील. काहींचं म्हणणं, एवढं मोठं गाव या काउंटीला पेलणार नाही. २०२१मध्ये सभासदांनी बहुमताने तो निधी नाकारला. पण सगळा विकास आराखडा त्या गावावर उभा होता, त्यामुळे आराखडाही मागे घ्यावा लागला. इंग्लंडमध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी पुरेशा जागा दाखवणारा पक्का आराखडा हातात नसेल, तर बिल्डरचा अर्ज नाकारणं अवघड जातं. अपिलात सरकारी निरीक्षक तो मंजूर करू शकतो. एका मतदानाने एक जागा वाचली आणि बाकीच्या गावांच्या वेशी अर्जांसाठी उघड्या पडल्या. दोन्ही बाजूंच्या लोकांना रटलंडची काळजी होती, याबद्दल मला शंका नाही.

आता पुन्हा नकाशा बदलतोय. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली: दोन पायऱ्या संपवायच्या, सगळीकडे युनिटरी परिषदा करायच्या, आणि प्रत्येकीत साधारण पाच लाख लोक असावेत. फेब्रुवारी २०२५मध्ये लेस्टरशर, लेस्टर आणि रटलंड या भागातल्या परिषदांना प्रस्ताव मागवणारी पत्रं गेली. पाच लाखांच्या मापाला एकेचाळीस हजार कुठेच बसत नाहीत. सिली बेटं आणि लंडनच्या पोटातली ‘सिटी’ सोडली तर रटलंड ही इंग्लंडमधली सर्वांत कमी वस्तीची युनिटरी आहे. पुढे आलेल्या एका आराखड्यात ती उत्तर लेस्टरशरच्या डिस्ट्रिक्टांबरोबर जोडलेली आहे. नव्या परिषदा २०२८मध्ये सुरू व्हाव्यात असं सरकारचं वेळापत्रक आहे.

परिषद गेली तरी काउंटी जाईलच असं नाही. लॉर्ड लेफ्टनंट आणि हाय शेरिफ परिषदेवर अवलंबून नाहीत, त्यामुळे मानाची काउंटी म्हणून रटलंड राहू शकतं. पॅरिश कौन्सिलही राहतील, आणि मोठी परिषद दूर गेली की उद्यानं, सभागृहं, सार्वजनिक संडास अशी कामं त्यांच्याकडे सरकण्याची शक्यता जास्त. रटलंडकरांनी खरा आग्रह धरावा तो दुसऱ्या गोष्टींसाठी, असं मला वाटतं: ओकममध्ये माणूस बसलेली खिडकी राहावी, बांधकामाच्या परवानग्यांची समिती रटलंडमध्येच भरावी, आणि खेड्यांतल्या वृद्ध-देखभालीचा वाढीव खर्च नव्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा. या तिन्ही गोष्टी विलीनीकरणाच्या आदेशात किंवा नव्या परिषदेच्या नियमांत लिहून घेता येतात. अंतिम निर्णय मंत्र्यांचा असेल आणि आदेशावर संसदेची मान्यता लागेल. रटलंडमध्ये सार्वमत घेण्याची सक्ती कायद्यात नाही.